कोविडच्या काळात आपण दवाखाना कसा वापरला, कसा टाळला?

निशिगंधा७१ (८ जानेवारी २०२३, रात्री ९:४०)

मी मेडिक्लेमच्या कामात आहे. कंपनी कुठली ते विचारू नका. हॉस्पिटलातून आलेल्या फायली उघडायच्या, डिस्चार्ज कार्ड वाचायचं, काय मंजूर करायचं आणि काय कापायचं ते ठरवायचं. रुक्ष काम आहे, पण बरीच वर्षं केलं की या शहराचं आजारपणाचं पंचांग तोंडपाठ होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचे टॉन्सिल आणि आजोबांचा मोतीबिंदू, कारण तेव्हा घरात सोबतीला माणूस असतं. जुलै-ऑगस्टात ताप, प्लेटलेट, सलाइन. गणपती गेले की हर्निया आणि मूळव्याध, दिवाळी झाली की गुडघे.

२०२०च्या एप्रिलात हे सगळं बंद पडलं. टेबलावर बाळंतपणं, डायलिसिस आणि तुरळक काही. जून-जुलैपासून कोविडच्या फायलींचा ढीग लागला. त्यांत काहींचं पीपीई किटचं बिल औषधांच्या बिलापेक्षा मोठं होतं, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. एरवी ज्यांच्या फायली येतात ती माणसं त्या वर्षात कुठे गेली, हे मात्र डोक्यातून जात नाही.

लोक घाबरले म्हणून गेले नाहीत, असं सगळे म्हणतात. मला हे अर्धवट वाटतं. घाबरले सगळेच होते, पण सगळ्यांनी सारखं टाळलं नाही. कळा सुरू झालेली बाई घाबरत का होईना गेलीच. डायलिसिसवाल्याला न जाऊन चालणारच नव्हतं. गुडघेवाले लंगडत थांबले, आणि खरं सांगायचं तर त्यांचं फार बिघडलं नाही. नुकसान झालं ते मधल्यांचं, ज्यांना काही दुखत नव्हतं त्यांचं. शुगर, बीपी, हाताला लागलेली गाठ, महिनाभराचा खोकला, बाळाची लस. २०२१ संपता संपता याच लोकांच्या फायली यायला लागल्या, आणि त्यांत 'पायाचे बोट काढले', 'तिसरी स्टेज' असलं काहीबाही लिहिलेलं असायचं.

तर तुमच्याकडे काय झालं? काय टाळलंत, काय उगाचच केलंत, आणि त्यातलं अजून काय तसंच चालू आहे? (लस चांगली की वाईट हे भांडण इथे नको. त्याचे धागे ढिगाने आहेत.)

मूकवाचक

चांगला विषय. वाचतेय.

बदलापूरची_सून

धागा आवडला. पण तुम्ही बहुतेक मुंबईत राहता, म्हणून एक गोष्ट तुमच्याकडून निसटली. लोकल!

आमच्याकडे 'मोठ्या डॉक्टरला दाखवायचं' म्हणजे सायन नाहीतर परळ. २२ मार्च २०२०च्या रात्री लोकल बंद झाल्या. १५ जूनला सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी. म्हणजे नर्सबाई गाडीत बसू शकत होत्या, त्या ज्यांची शुश्रूषा करणार ते पेशंट स्टेशनबाहेर. कॅन्सरच्या पेशंटना आणि अपंगांना पुढे कधीतरी परवानगी मिळाली. बायकांना २१ ऑक्टोबरपासून, तेही ठरावीक वेळात. सगळ्यांना १ फेब्रुवारी २०२१ला, पुन्हा वेळेचं बंधन. एप्रिलात परत बंद. मग १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना.

सासूबाईंना संधिवात आहे, डॉक्टर दादरला. एरवी पासावर फुकटात होणारी खेप गाडी करून न्यायची तर गाडीवाला म्हणेल तो भाव. शिवाय जिल्हा बदलतो म्हणून पोलिसांचा ई-पास. पासाला डॉक्टरचं पत्र जोडा, आणि पत्र आणायला डॉक्टरकडे जा. शेवटी त्यांनी दाखवायचंच सोडलं. "माझं काही अडत नाही गं," म्हणायच्या आणि पोळपाटाशी उभ्या राहायच्या. बोटं वाकडी झालेली आम्हाला दिसत होती.

यात भीती कुठे आली? त्या घाबरल्या नव्हत्याच. मुंबईतली बरीचशी वैद्यकीय सेवा लोकलच्या भरवशावर चालते हे लोकल थांबल्यावर कळलं.

निशिगंधा७१

@बदलापूरची_सून, फायलींवर पत्ते असतात, मी ते कधी बघितलेच नाहीत! उद्या ऑफिसात बसल्यावर आता पिनकोड बघणार.

सासूबाईंच्या गोळ्या तरी चालू होत्या का?

बदलापूरची_सून

त्याचीच तर गंमत. त्यांची संधिवाताची गोळी होती एचसीक्यू, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन.

केमिस्टकाका

एचसीक्यूचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. आमचं दुकान घाटकोपरला आहे.

मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आयसीएमआरनं (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) डॉक्टर-नर्स आणि पेशंटच्या घरच्यांसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुचवलं. बातमी टीव्हीवर आली आणि दुपारपर्यंत शेल्फ रिकामं. ज्यांना काही झालेलं नाही त्यांनी पाकिटंच्या पाकिटं नेली. केंद्रानं २६ मार्चला ते शेड्यूल एच-वनमध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि रजिस्टरमध्ये नोंद करायची. पण तोवर माल होता कुठे? ल्युपसच्या, संधिवाताच्या जुन्या गिऱ्हाइकांना मी हात जोडत होतो. गोळी ज्याची होती तोच रिकाम्या हातानं परत गेला.

काउंटरवरून दिसलेलं आणखी एक सांगतो. बीपी-शुगरवाल्यांनी लॉकडाऊन लागताच तीन तीन महिन्यांचा साठा करून ठेवला. शहाणपणाचं काम. पण नंतर वर्षभर तीच चिठ्ठी चालली. घडी घालून घालून चार तुकडे झालेली, सेलोटेप लावलेली चिठ्ठी, वर तारीख २०१९ची. शुगर तपासली का विचारलं तर "कुठे जाणार लॅबमध्ये". औषध चालू म्हणून मनाला समाधान, आणि डोस बरोबर आहे की नाही ते रामजाणे.

ज्यांची रोजची कमाई बुडाली त्यांचं उलट झालं. पट्टी घेणारा माणूस "पाच गोळ्या कापून द्या" वर आला, मग पाचाच्या तीन झाल्या, मग तो यायचाच बंद झाला. त्याला ना लोकल आडवी आली, ना कोविडची भीती.

विक्री काय वाढली म्हणाल तर पॅरासिटामॉल, झिंक, सी व्हिटॅमिन, वाफेचं मशीन, ऑक्सिमीटर. दमा नसलेल्या माणसाला ऑक्सिमीटर म्हणजे काय हे २०१९ साली कुणी सांगितलं असतं?

गल्लीतला_डॉक

कुर्ल्याला माझा दवाखाना आहे. दहा बाय बाराची खोली, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, खिडकी नाही. मार्चअखेर आमच्या रस्त्यावरचे बहुतेक दवाखाने बंद झाले आणि लोकांनी आम्हाला पळपुटे ठरवलं. दवाखाने उघडा नाहीतर कारवाई करू, असं सरकारनंही बजावलं. मे २०२०मध्ये वैद्यकीय शिक्षण संचालनालयानं मुंबईतल्या खाजगी डॉक्टरांना किमान पंधरा दिवस कोविडचं काम करायचा आदेश काढला. पंचावन्नच्या पुढच्यांना सूट होती. आता गंमत बघा. गल्लीतले निम्मे डॉक्टर साठीचे, ते घरात. उरलेले कोविड ड्यूटीवर. मग पोट दुखणाऱ्यानं जायचं कुठे? तिकडे नायर, सेंट जॉर्ज, जी.टी. कोविडला दिलेली. आग्रीपाड्याच्या माणसाचं घरापासचं हॉस्पिटल एका आदेशानं त्याच्यासाठी बंद झालं.

धारावीत १ एप्रिलला पहिला पेशंट सापडला. तिथे पालिकेनं एक शहाणपणा केला. खाजगी डॉक्टरांनाच बरोबर घेतलं, किट दिले, तापाच्या तपासणीला त्यांना पुढे घातलं. पांढऱ्या पोशाखातल्या परक्या माणसासमोर ताप लपवणारा माणूस रोजच्या डॉक्टरसमोर कबूल करतो.

फोनवरच्या तपासणीबद्दल. २५ मार्च २०२०ला केंद्रानं टेलिमेडिसिनची नियमावली आणली. त्याआधी फोनवर औषध सांगायचं म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं सगळं अधांतरीच. नियम आले, पण दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर जिभांचे फोटो बघून मला एवढंच कळलं की ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत प्रत्येकाची जीभ पिवळी दिसते. मूल 'मरगळलंय' असं आई सांगते, ते म्हणजे काय हे मूल दारातून आत येतानाच कळतं, स्क्रीनवर नाही. पोटाला तर हात लावल्याशिवाय मी आजही बोलत नाही.

एका जुन्या पेशंटचा रात्री फोन आला, छातीत जळजळतंय, डाव्या हाताला मुंग्या. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता ईसीजी काढा. तो म्हणाला, "तिकडे नेलं तर बॉडीच देतील, तीही प्लास्टिकमध्ये." सकाळी दम लागल्यावर गेला. वाचला, पण हृदयाचा तेवढा भाग गेला तो गेलाच. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत देशभरातल्या हॉस्पिटलांतून गोळा केलेले आकडे नंतर हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं काढले. हार्ट अ‍ॅटॅकनं भरती होणारे आदल्या वर्षीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त घटले होते. तेव्हा निशिगंधाताई, भीतीला एवढं स्वस्तात सोडू नका.

आणि एक कमी मात्र खरोखरची कमी होती. शाळा बंद, गाड्यांवरचं खाणं बंद, बाहेरचं पाणी बंद. जुलाब-उलट्या आणि मुलांचं सर्दी-पडसं जवळपास दिसेनासं झालं. लोकांनी ते टाळलं नव्हतं, ते झालंच नव्हतं.

खडूस_अण्णा

घ्या! डॉक्टरांनीच कबूल केलं की निम्मी प्रॅक्टिस वडापाववर चालते. (हलके घ्या.)

पण गंभीरपणे विचारतो. एप्रिल-मे महिन्यात दवाखाने बंद होते तर माणसं पटापटा मरायला हवी होती. आमच्या सोसायटीत तर काही झालं नाही. म्हणजे एरवीच्या तपासण्या, अ‍ॅडमिट करणं, अँजिओग्राफ्या यांतलं बरंच अनावश्यक असतं, हे महामारीनं सिद्ध केलं. यावर कुणी बोलत नाही.

गल्लीतला_डॉक

अण्णा, थोडं अनावश्यक असतं, यावर मी तुमच्याशी वाद घालत नाही. पण सोसायटीच्या गेटवरून हे मोजता येत नाही. २०२० साली मुंबईच्या रेल्वे रुळांवर मेलेल्यांची संख्या आदल्या वर्षीच्या निम्म्याहून खाली आली. ते काही डॉक्टर घरी बसल्यामुळे वाचले का? लोकल बंद होती म्हणून वाचले. त्या दोन महिन्यांत एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त असं चाललं होतं, बेरीज करून काहीच कळत नाही. शिवाय उपचार टाळलेला माणूस त्याच महिन्यात मरत नाही.

निशिगंधा७१

डॉक, भीतीचा मुद्दा हृदयापुरता मान्य. :)

अण्णांसाठी आकडे आणलेत. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांचा एकत्र अभ्यास लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत २०२१ला आला होता. १ मार्च ते ३१ मे २०२० आणि आदल्या वर्षीचे तेच तीन महिने अशी तुलना. नव्या पेशंटची नोंदणी ५४ टक्क्यांनी कमी. मोठी ऑपरेशनं ४९ टक्क्यांनी कमी. बाह्यरुग्ण केमो ३७ टक्क्यांनी कमी. रेडिएशन मात्र २३ टक्क्यांनीच घटलं.

यातली उतरंड बघा. ज्याचे उपचार सुरू होते त्याला केंद्रांनी शक्य तितकं धरून ठेवलं. सर्वात जास्त गळाले ते अजून दारातच न आलेले. ५४ टक्के कॅन्सर त्या तीन महिन्यांत नाहीसा झाला, असं तर अण्णाही म्हणणार नाहीत. परळला टाटा हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर बिहार-बंगालातून आलेली कुटुंबं एरवी पथारी पसरून असतात. जो गावातून निघालाच नाही तो कुठल्या आकड्यात धरायचा?

खडूस_अण्णा

कॅन्सर वेगळा. मी अँजिओग्राफीबद्दल बोलत होतो. असो.

गोवंडीकर

मी पालिकेच्या एम पूर्व वॉर्डात (गोवंडी-मानखुर्द) टीबीच्या कामावर आहे. लिहू की नको असं चाललं होतं, पण 'महिनाभराचा खोकला' वाचून राहवलं नाही.

२०१९ला देशात २४.०४ लाख टीबी पेशंटची नोंद झाली. २०२०ला १८.०५ लाख. सहा लाख माणसं वहीत कमी. जगभरात हा आकडा ७१ लाखांवरून ५८ लाखांवर आला आणि दशकभर उतरत आलेले टीबीचे मृत्यू पहिल्यांदा वाढले. आमच्याकडे तर अर्धा स्टाफ कोविडला ओढला. थुंकीतला टीबी ज्या मशीनवर कळतो त्याच मशीनवर कोविड तपासायला लागले. शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात पाठवायचं तर गाडी कोण देणार?

पण त्याहून मोठं म्हणजे लोक खोकायचेच बंद झाले, आमच्यासमोर. १५ सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' सुरू झालं, घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघायचा. दार अर्धं उघडायचं, "सगळे ठीक आहेत" म्हणायचं, आणि आतून दाबलेला ठसका ऐकू यायचा. एक पॉझिटिव्ह निघाला की पत्रे ठोकून आख्खी गल्ली बंद, चौदा दिवस धंदा नाही. त्यांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. एका घरात सुनेचं बोट ऑक्सिमीटरला लावलं, तर आकडाच येईना. नखाला गडद लाल पॉलिश. सासू म्हणाली, "दुसरं घर बघा आता, वेळ नाही आम्हाला." मी तिचा करंगळीचा पॉलिश तिथेच उंबऱ्यावर बसून खरवडला. ९६ आला. खोकला कधीपासून विचारलं तर सुनेनं सासूकडे बघितलं. दोन महिन्यांनी तिचा टीबी निघाला. त्या दोन महिन्यांत त्या दहा फुटी खोलीत दोन लहान मुलं झोपत होती.

गावी गेलेल्यांची कथा आणखी वेगळी. १ मेपासून श्रमिक गाड्या सुटल्या, त्यांतून अर्धा कोर्स झालेले पेशंट गेले. महिन्याभराच्या गोळ्या हातात दिल्या होत्या. पुढे फोन लागत नाही. परत आले तेव्हा काहींना साध्या गोळ्या लागू पडत नव्हत्या.

पवईचा_पिंट्या

गोवंडीकर ताई, _/\_

आमच्याकडे नेमकं उलट चाललं होतं, सांगायला लाजच वाटते आता. एप्रिल २०२१. घरात तिघांना सौम्य ताप. तरी प्रत्येकाचं एचआरसीटी (छातीचा सीटी स्कॅन), सीआरपी आणि डी-डायमर या रक्ततपासण्या, तेही दोन-दोनदा. ऑफिसच्या ग्रुपवर रोज सकाळी 'तुझा स्कोर किती' (सीटीत फुप्फुस किती बिघडलंय त्याचा आकडा) चालायचं, बोर्डाचे मार्क विचारावेत तसं. राज्य सरकारनं एचआरसीटीचा दर दोन ते तीन हजारांत बांधला होता, त्यामुळे परवडतंय तर काढून टाकू. रेमडेसिविरसाठी तर ज्याला श्वास नीट घेता येत होता त्याचेही नातेवाईक रांगेत.

मेच्या सुरुवातीला एम्सचे डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी काढू नका म्हणून जाहीर सांगितलं. आमच्या ग्रुपवर त्या बातमीची लिंक आली, आणि खाली लगेच कुणीतरी विचारलं, "ठाण्यात संध्याकाळी कुठलं सेंटर उघडं असतं?"

गल्लीतला_डॉक

हाहा. आणि तो स्कोर मला पाठवून "डॉक्टर, सात म्हणजे चांगलं ना?"

पण हे एकाच वेळी घडत होतं, हे लक्षात घ्या. पवईत निरोगी छातीचे फोटो निघत होते आणि गोवंडीत आजारी छातीला कुणी विचारत नव्हतं.

गिरणगावकर

थोडं इतिहासात शिरतो, अ‍ॅडमिनना वाटलं तर वेगळा धागा करावा.

आज जे कस्तुरबा हॉस्पिटल आहे, जिथे मार्च २०२०मध्ये मुंबईचे पहिले कोविड पेशंट ठेवले, ते मूळचं आर्थर रोडचं साथीच्या रोगांचं इस्पितळ. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात याच इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. आत नेलेला माणूस परत येत नाही, तिथे मारून त्याचं तेल काढतात, अशी वदंता होती. घरोघर झडत्या, पेशंटला उचलून नेणं, वस्तू जाळणं. लोक आजारी माणूस माळ्यावर, गाद्यांखाली लपवत. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला, १८९७चा. तोच २०२०लाही लावला.

गोवंडीकर ताईंचं अर्धं उघडलेलं दार वाचून हेच आठवलं. सव्वाशे वर्षांपूर्वी तेलाची वदंता, यावेळी 'किडनी काढून घेतात' म्हणून व्हॉट्सअ‍ॅप.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. प्लेगच्या दिवसांत सरकारी इस्पितळात न जाणारे लोक ज्ञातींनी, जमातींनी स्वतःची प्लेग इस्पितळं काढल्यावर तिथे जायला लागले. खाट तीच, औषधही फार वेगळं नव्हतं. पण स्वयंपाक आपला, माणसं ओळखीची, नातेवाइकाला आत सोडत. डॉक म्हणतात ते धारावीचं गणित तिथलंच आहे. उलट २०२०मध्ये आपण पहिला नियम काय केला? नातेवाइकाला गेटवर अडवलं. कारण संसर्गाचं, ते बरोबरच होतं. पण मोबाइल नसलेल्या म्हातारीला आत सोडून फोनची वाट बघणं कुणाला जमेल? केईएमच्या, सायनच्या फाटकाशी डबे घेऊन उभे असलेले लोक मी पाहिलेत.

सुलभा_मुलुंड

डायलिसिसचं निशिगंधाताईंनी एका वाक्यात उडवलंत, 'न जाऊन चालणारच नव्हतं' म्हणून. जाऊन तरी कुठे चालत होतं! यांचं ठरलेलं सेंटर एका टेक्निशियनला कोविड झाला म्हणून रातोरात बंद. दुसऱ्या ठिकाणी गेलो तर आधी आरटीपीसीआर आणा. तेव्हा तपासणी साडेचार हजारांची होती (जूनमध्ये २२०० झाली), आणि रिपोर्टला दीड-दोन दिवस. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसानं दोन दिवस कसे काढायचे? पाय सुजले, पाणी छातीपर्यंत आलं, तेव्हा कुठे तिसऱ्या जागी एका भल्या डॉक्टरीणबाईंनी कोविड संशयित म्हणून वेगळ्या मशीनवर घेतलं. नाव लिहीत नाही, पण त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

वॉर्डाची वॉर रूम नंतर निघाली. तिथून बेड मिळायचा, पण कोविडवाल्याला. कोविड नाही, म्हणून कुणाच्याच यादीत नाही, अशी आमची गत.

निशिगंधा७१

सुलभाताई, खरंय. फाइल माझ्यापर्यंत आली म्हणजे डायलिसिस झालं, एवढंच मला दिसतं. दारं किती बंद झाली ते डिस्चार्ज कार्डावर नसतं.

आता दुसरा भाग. यातलं काय टिकलं?

केमिस्टकाका

फोनवर चिठ्ठीचा फोटो आणि घरपोच औषध. हे आता जाणार नाही. आणि ऑक्सिमीटर सेल संपून कपाटात पडलेत.

घरी करायचं कोविडचं टेस्ट किटही. मे २०२१ला पुण्याच्या मायलॅबच्या किटला मान्यता मिळाली, २५० रुपयांना. ओमायक्रॉनच्या लाटेत, जानेवारी २०२२मध्ये, पालिकेनं आम्हाला किट घेणाऱ्यांची नावं-पत्ते लिहून ठेवायला लावले. कारण लोक घरी तपासत, पॉझिटिव्ह आले तर गुपचूप चार दिवस बसत. काही जण तर नाव विचारल्यावर किट काउंटरवर ठेवून निघून जात.

मूकवाचक

आमच्याकडे टिकलेलं: बाबांचा डॉक्टर व्हिडिओवर. आधी पुण्याहून मी सुट्टी काढून त्यांना गिरगावातून माहीमला घेऊन जायचे. आता तेच बीपी मोजून सांगतात, मी तिसऱ्या खिडकीत. मला सोयीचं आहे हे नक्की. पण डॉक्टरांनी बाबांच्या पायाला बोट लावून सूज बघितल्याला वर्षं झाली.

गल्लीतला_डॉक

@मूकवाचक, घोट्याच्या वर नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरायला सांगा त्यांना. खळगा राहिला तर व्हिडिओ पुरे, प्रत्यक्ष घेऊन जा.

माझ्याकडे न टिकलेलं: मुखपट्टी. आणि परत आलेलं: जुलाब.

बदलापूरची_सून

आमच्याकडे दादरचं काही परत सुरू झालं नाही. सासूबाई आता इथेच बदलापुरात एका डॉक्टरला दाखवतात. बरा आहे. लोकल चालू झाली तरी त्यांना आता गर्दीत चढवत नाही.

पवईचा_पिंट्या

नोव्हेंबर २०२२मध्ये पालिकेनं 'आपला दवाखाना' सुरू केलेत, संध्याकाळी उशिरापर्यंत चालू असतात म्हणे. कुणी गेलंय का?

गोवंडीकर

आमच्या भागातल्यात जाऊन आले. खरी गोष्ट म्हणजे संध्याकाळची वेळ. पालिकेच्या ओपीडीत सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. रात्री कामावरून सुटलेला माणूस तिथे शुगर तपासून घेतो हे मी डोळ्यांनी पाहिलं. गर्दी अजून कमी आहे, लोकांना माहीतच नाही. खोकला असलेला कुणी दिसला की त्यांनी आमच्याकडे पाठवावा, एवढी सोय झाली तर काम होईल.

नवा_बाप

पहिल्यांदाच लिहितोय इथे. आम्ही मानखुर्दला राहतो. मुलगा फेब्रुवारी २०२०चा. दीड महिन्याचा डोस लॉकडाऊनमध्ये उशिरा झाला, मग गावी गेलो, नऊ महिन्यांची गोवरची लस तिथे झाली की नाही ते बायकोला नक्की आठवत नाही, कार्ड गावी राहिलं. या हिवाळ्यात गोवंडीत गोवरानं मुलं गेली तेव्हापासून झोप नाही. आता तीन वर्षांचा होईल. आता देतात का? ओरडतील का?

गोवंडीकर

देतात. गोवर-रुबेलाची राहिलेली लस पाच वर्षांपर्यंत देतात. झाली होती की नाही याची खात्री नसेल तर झाली नाही असं धरून देतात, एक जास्तीचा डोस गेला तर काही होत नाही. कार्ड नसलं तरी जा, नवीन करून देतील. जवळच्या हेल्थ पोस्टला आधी लसीकरणाचा दिवस विचारून घ्या, म्हणजे फेरी फुकट जाणार नाही. दोन डोसांमध्ये किमान महिन्याचं अंतर लागतं, पहिला झाल्यावर पुढची तारीख कार्डावर लिहूनच घ्या. अंगात ताप असेल तर सांगा. ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि पोलिओही राहिलेला असणार, तेही एकदमच विचारा.

ओरडलं कुणी तर मला मेसेज करा.

नवा_बाप

मेसेज करतो ताई. मंगळवारी माझी सुट्टी असते, त्या दिवशी असतं का ते आधी विचारून येतो.